गाडी न घेता सरोवराकाठी: शिकागो, टोरंटो की झ्युरिक?

परदेशात गाडी चालवायची नाही, असं ठरवून निघणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. उजव्या बाजूने चालवायची धास्ती असते, भाड्याच्या गाडीचा विमा डोक्यावरून जातो, पार्किंगचे दर ऐकून पोटात गोळा येतो, किंवा सुट्टीत स्टिअरिंग धरायचाच कंटाळा असतो. अशा कुणाला चार-पाच दिवस मोठ्या सरोवराकाठच्या शहरात काढायचे असतील, रोज पाण्याकाठी चालायचं असेल आणि बाकी सगळं ट्राम, रेल्वे, बोटीवर भागवायचं असेल, तर मी तीन शहरांचा विचार करायला सांगेन: मिशिगन सरोवरावरचं शिकागो, ऑन्टारिओ सरोवरावरचं टोरंटो आणि स्वित्झर्लंडमधलं झ्युरिक.

प्रवासाच्या माहितीपत्रकांत काठावरच्या वाटेची लांबी मोठ्या अक्षरांत छापलेली असते. ती वाचून निर्णय घेऊ नका. तीस किलोमीटरची वाट असली तरी आपण त्यातली तीन किलोमीटर चालतो, फार तर पाच. खरा फरक पडतो तो स्टेशनातून किंवा ट्राममधून उतरल्यापासून पाणी दिसेपर्यंतच्या टप्प्यात. तिथे काय ओलांडावं लागतं, जिना आहे की उतार, आणि पाय दुखायला लागले की परतीचं वाहन किती लांब आहे? या प्रश्नांवर ही तीन शहरं एकमेकांपासून फार वेगळी ठरतात.

शिकागो: काठ जनतेचा, पण मध्ये हमरस्ता

शिकागोचा सरोवरकाठ ही कुणालाही हेवा वाटावा अशी सार्वजनिक मालमत्ता आहे. १८३६ साली शहराच्या नकाशावर काठच्या एका पट्ट्यावर लिहून ठेवलं होतं की ही जागा कायम मोकळी राहील, इथे इमारत उठणार नाही. पुढे ते वाक्य सोयीने विसरलं जाऊ लागलं, तेव्हा टपालाने माल विकणाऱ्या माँटगोमेरी वॉर्ड या व्यापाऱ्याने शहरालाच कोर्टात खेचलं आणि वीसेक वर्षं खटले लढवून ग्रँट पार्क वाचवलं. १९०९ च्या डॅनियल बर्नहॅमच्या शहर आराखड्यानेही काठ लोकांचा राहावा हाच आग्रह धरला. आज शहराच्या किनाऱ्याचा बहुतेक सगळा भाग उद्यानांत आहे आणि त्यातून सुमारे ३० किलोमीटरची लेकफ्रंट ट्रेल उत्तर-दक्षिण धावते.

ही वाट आधी सगळ्यांची एकत्र होती. सायकलस्वार सुसाट, पळणारे कानात गाणी घालून, मध्येच लहान मुलं, धडका ठरलेल्या. २०१८ मध्ये चालणाऱ्यांची आणि सायकलींची वाट पूर्ण लांबीभर वेगळी करण्याचं काम संपलं. त्यासाठी एका गुंतवणूकदाराने १ कोटी २० लाख डॉलर्स दिले होते. नेव्ही पिअरजवळ नदी ओलांडताना सगळे एका चिंचोळ्या फुटपाथवर कोंबले जायचे, तिथे सायकल आणि पादचाऱ्यांसाठी उंचावरचा फ्लायओव्हर बांधला. काम २०१४ ला सुरू झालं आणि पूर्ण व्हायला २०२१ उजाडलं. एवढ्या छोट्या पुलाला सात वर्षं लागली हे वाचून आपल्याला उगाचच बरं वाटतं.

आता अडचण. शहर आणि सरोवर यांच्यामध्ये डुसेबल लेक शोअर ड्राइव्ह आहे. आठ पदरी, वेगवान, बराचसा सिग्नलशिवाय. म्हणजे तुम्ही मिशिगन अॅव्हेन्यूवर उभे आहात, निळं पाणी समोर आहे, आणि सरळ चालत जाता येत नाही. ठरावीक ठिकाणी भुयारी मार्ग किंवा पादचारी पूल आहेत, तेच शोधावे लागतात.

ओक स्ट्रीटचा भुयारी मार्ग हे त्याचं उत्तम उदाहरण. महागड्या दुकानांच्या रांगेच्या उत्तर टोकाला, एका जुन्या हॉटेलसमोर, फुटपाथवरून खाली उतरायचं. आत बोगद्यात दिव्यांचा पिवळट उजेड, भिंतींना ओल, आणि डोक्यावर सतत गाड्यांची घरघर. दोन मिनिटं चालून पलीकडे वर आलात की पायाखाली एकदम वाळू. हा बदल मला फार आवडतो, पण चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी घेऊन जाणाऱ्याला तिथला उतार आधी पाहून घ्यायला सांगेन.

दुसरी जागा बकिंगहॅम फाउंटनसमोरची, क्वीन्स लँडिंग म्हणतात ती. इथे हमरस्त्यावर चक्क सिग्नल आहे. मराठी माणसाला हा रस्ता आपसूक सापडतो, कारण सुरुवात आर्ट इन्स्टिट्यूटपासून होते. १८९३ च्या सर्वधर्म परिषदेत विवेकानंद बोलले ते याच इमारतीत, आणि समोरच्या रस्त्याच्या एका तुकड्याला त्यांचं नावही दिलेलं आहे. तिथून ग्रँट पार्कमधून पाण्यापर्यंत पाऊण-एक किलोमीटर सपाट चाल. वाटेत बाकं आहेत, सावली मात्र बेताची.

दक्षिणेकडे रस्त्याच्या जोडीला रेल्वेचे रूळही आडवे येतात. ३५व्या आणि ४१व्या रस्त्यावर अलीकडच्या काळात पादचारी पूल झाले, त्यामुळे तिथल्या वस्तीला काठ पुन्हा हाताशी आला. पाहुण्याला तिकडे मुद्दाम जायचं कारण कमी. पण गर्दी नको असेल तर तो काठ उत्तरेपेक्षा शांत आहे.

मरीन ड्राइव्हवर गाड्यांचा आवाज पाठीशी घेऊन समुद्र बघत बसायची सवय असलेल्यांना हे सगळं फारसं खटकणार नाही. शांतता हवी असलेल्याला खटकेल. लेकफ्रंट ट्रेलच्या मोठ्या भागात टायरांचा आवाज सुटत नाही.

यावर शिकागोतलंच एक उत्तर आहे आणि ते बहुतेक पर्यटकांकडून राहून जातं: लिंकन पार्कमधला नेचर बोर्डवॉक. प्राणिसंग्रहालयाच्या दक्षिणेला साउथ पाँड नावाचं तळं आहे. एकेकाळी सिमेंटच्या काठाचं, गढूळ, उथळ. ते खोल करून, काठी स्थानिक गवतं आणि पाणवनस्पती लावून, २०१० मध्ये त्याभोवती फळ्यांची वाट खुली केली. वास्तुरचना 'स्टुडिओ गँग' या संस्थेची. फळ्या लाकडी वाटतात, पण त्या दुधाच्या प्लास्टिक बाटल्या पुन्हा वापरून केलेल्या आहेत; पावसात कुजत नाहीत आणि कडेला ढलप्या निघत नाहीत. एक फेरी साधारण अर्ध्या मैलाची, म्हणजे पाऊण किलोमीटरच्या आसपास. तळ्याच्या टोकाला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी दिसणारी लाकडी कमान आहे, तिच्यातून मागचे टॉवर बघायचे. रातबगळ्यांची मोठी वसाहत याच परिसरात घरटी करते, आणि उन्हाळ्यात त्यांच्या झाडांखालून जाताना टोपी घातलेली बरी!

महत्त्वाचं म्हणजे हे तळं हमरस्त्याच्या अलीकडे आहे. भुयार नाही, पूल नाही. डाउनटाउनमधून १५१ नंबरची बस थेट जाते आणि प्राणिसंग्रहालयाला तिकीट नाही. ज्यांच्या गुडघ्यांची तक्रार आहे त्यांच्यासाठी शिकागोतली सगळ्यात सोपी चाल ही.

विमानतळाचं काम शिकागोत चोख. ओ'हेअर विमानतळाहून ब्लू लाइनची रेल्वे थेट लूपमध्ये, म्हणजे डाउनटाउनच्या मध्यभागी येते, साधारण पाऊण तास लागतो. ब्लू आणि रेड या दोन्ही लाइन चोवीस तास चालतात, ही सोय इतर दोन शहरांच्या रेल्वेला नाही. पण 'एल'ची, म्हणजे या शहरी रेल्वेची, सगळी स्टेशनं लिफ्टची नाहीत. शहराने २०१८ मध्ये ती सगळी सुगम करण्याची योजना जाहीर केली, तीही वीस वर्षांच्या मुदतीची. तेव्हा हॉटेल ठरवताना जवळच्या स्टेशनला लिफ्ट आहे का एवढं बघा. बसला ही अडचण नाही.

जाता जाता एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. सरोवरात शिरलेल्या नॉर्दर्ली आयलंडवर पूर्वी मेग्ज फील्ड नावाचा छोटा विमानतळ होता. उद्यान करायचं की विमानतळ ठेवायचा यावर वर्षानुवर्षं वाद चालला होता. ३० मार्च २००३ च्या मध्यरात्री महापौर डेलींनी बुलडोझर पाठवले आणि धावपट्टीवर मोठमोठ्या फुल्या खणून टाकल्या. सकाळी तिथे उभी असलेली विमानं अडकून बसली. आज तिथे चालायची वाट आहे. पण सरोवरानेही आपला हिशोब चुकता केला: लाटांच्या माऱ्याने पूर्व काठची वाट खचली आणि ती बंद करावी लागली. २०१९-२० मध्ये मिशिगनची पातळी विक्रमी उंचीवर गेली होती, तेव्हा शहराच्या काठावर ठिकठिकाणी असंच झालं.

टोरंटो: वाट तुकड्यातुकड्यांची, पण एक अख्खं बेट बिनगाडीचं

टोरंटोची कागदावरची लांबी शिकागोपेक्षा जास्त. मार्टिन गुडमन ट्रेल ५६ किलोमीटरची आहे. पण ती कधी बागेतून, कधी रस्त्याच्या कडेने, कधी गोद्यांच्या मागून जाते. एका दमात चालावी अशी ती नाही. टोरंटोत तुकडे निवडायचे असतात.

पहिला तुकडा युनियन या मुख्य रेल्वे स्टेशनच्या दक्षिणेचा, हार्बरफ्रंट. इथेही शहर आणि पाण्यामध्ये गार्डिनर एक्सप्रेसवे आहे, पण तो खांबांवर उभा. खालून चालत जाता येतं. दहा मिनिटांची ती चाल कुरूप आहे, याबद्दल वाद नको. सिमेंटचे खांब, धूळ, सिग्नलला थांबलेले ट्रक. ती टाळायची तर युनियनच्या तळघरातून ५०९ किंवा ५१० ची ट्राम घ्या, ती भुयारातून थेट क्वीन्स की रस्त्यावर, धक्क्याजवळ बाहेर काढते. ट्राम खालच्या फरशीच्या आहेत, पायरी नाही.

क्वीन्स की हा रस्ता २०१५ मध्ये नव्याने खुला झाला. चार पदरांपैकी दोन गाड्यांकडून काढून घेतले आणि ती जागा झाडं, सायकलवाट आणि ग्रॅनाइटच्या रुंद पदपथाला दिली. दिसायला देखणा, पण पहिल्यांदा जाणारा गोंधळतो, कारण गाड्या, ट्राम, सायकली आणि माणसं अशा चार पट्ट्या शेजारी-शेजारी आहेत. गोंधळ चालकांचाही झाला: ट्रामच्या भुयारात वाट चुकून मोटारी शिरण्याचे प्रकार इतके झाले की शेवटी तिथे फाटक बसवावं लागलं. तुम्ही लक्षात ठेवायचं ते एवढंच, की ट्राममधून उतरून पाण्याकडे जाताना मध्ये सायकलवाट ओलांडावी लागते आणि सायकलस्वार थांबतीलच असं नाही.

याच रस्त्याला लागून वेव्हडेक आहेत, लाटेसारख्या वळणाच्या लाकडी फरशा. स्पाडिना वेव्हडेक २००८ मध्ये झाला, रीस आणि सिम्को २००९ मध्ये. सिम्कोच्या लाटा सगळ्यात उंच. त्या चढून गेलात की पाणी अडीच मीटर खाली राहतं. नातवंडं बरोबर असतील तर इथे तासभर सहज जातो, कारण मुलं त्या वळणाची घसरगुंडी करतात. आजी-आजोबांनी मात्र ओल्या दिवसात सपाट बाजूनेच जावं.

दुसरा तुकडा पूर्वेचा, द बीचेस. अॅशब्रिजेस बेपासून सुरू होऊन सुमारे तीन किलोमीटर लाकडी बोर्डवॉक, एका बाजूला वाळू आणि दुसऱ्या बाजूला मोठी झाडं. तिन्ही शहरांत चालायला सगळ्यात आरामाची जागा कुठली असं विचाराल तर मी हीच सांगेन. फळ्या किंचित लवचीक असल्याने सिमेंटइतके पाय भरून येत नाहीत. हमरस्ता जवळ नाही. कुत्रे पुष्कळ, पण बहुतेक शहाणे. पूर्व टोकाला १९४१ साली सुरू झालेलं पाणी शुद्धीकरण केंद्र आहे, आणि ते राजवाड्यासारखं दिसतं. तिथपर्यंत चालून वर क्वीन स्ट्रीटला आलात की नेव्हिल पार्कला ५०१ ट्रामचं शेवटचं स्थानक. म्हणजे एका टोकाला उतरा, दुसऱ्या टोकाला चढा; आल्या पावली परतायला नको. बिनगाडीच्या प्रवासाचा हा मोठा फायदा आहे, गाडी लावलेल्या माणसाला परत गाडीपाशी यावंच लागतं. मेट्रोच्या नव्या मार्गाच्या कामामुळे ५०१ ला डाउनटाउनमध्ये काही वर्षांसाठी वळसा घातलेला आहे, तेवढा वेळ जास्त धरा.

आता बेट. टोरंटोची निवड करायची ती या बेटांसाठी, बाकी सगळं बोनस. १८५८ च्या वादळाने वाळूचा दांडा फोडला आणि किनाऱ्यापासून ही बेटं तुटली. आज तिथे खासगी मोटारींना प्रवेशच नाही. नगरपालिकेची कामाची वाहनं सोडली तर सगळं पायी किंवा सायकलने. फेरीबोट बे स्ट्रीटच्या टोकावरच्या जॅक लेटन टर्मिनलवरून सुटते आणि पंधरा मिनिटांच्या आत पलीकडे पोचवते. तिकीट जातानाच काढायचं, त्यात परतीचा प्रवास आलाच.

तीन धक्के आहेत: सेंटर, वॉर्ड्स आणि हॅनलन्स. उन्हाळ्यात सगळी गर्दी सेंटरच्या बोटीला असते, कारण मुलांची खेळणी तिथे. तुम्ही वॉर्ड्सची बोट पकडा. उतरलात की समोर लहान लहान घरांची वस्ती लागते, अरुंद गल्ल्या, दारात फुलं, भिंतीला टेकवलेल्या सायकली. जेमतेम अडीचशे-पावणेतीनशे घरं, आणि ती विकत घेता येत नाहीत असंच म्हणायला हवं: १९९३ च्या कायद्याने ती एका न्यासाकडे आहेत आणि खरेदीसाठी पाचशे नावांची प्रतीक्षायादी चालते. गल्ल्या ओलांडून दक्षिणेला गेलात की खुल्या सरोवराकडे तोंड करून बोर्डवॉक लागतो, तो सेंटर आयलंडपर्यंत जातो. डावीकडे क्षितिजापर्यंत पाणी, उजवीकडे झाडी, आणि इंजिनाचा आवाज फक्त विमानांचा. हो, विमानांचा: बेटांच्या पश्चिम टोकाला बिली बिशप विमानतळ आहे. शांतता पूर्ण नाही, पण मोटारीचा एक हॉर्नही कानावर न येता दिवस काढणं मोठ्या शहरात दुर्मीळच.

बेटाची खोड म्हणजे ते पाण्याच्या मर्जीवर आहे. २०१७ च्या वसंतात ऑन्टारिओची पातळी इतकी चढली की पर्यटकांना जुलै अखेरपर्यंत बेट बंद होतं. फेरीबोटीही म्हाताऱ्या, सॅम मॅकब्राइड ही बोट १९३९ ची. त्या बदलून विजेवर चालणाऱ्या बोटी आणायचं काम शहराने हाती घेतलं आहे. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी टर्मिनलवर लांबच लांब रांग लागते. इस्कॉनची रथयात्रा वर्षानुवर्षं यंग स्ट्रीटवरून निघून सेंटर आयलंडवरच्या उत्सवात विसर्जित होत आली आहे. त्या दिवशी गेलात तर प्रसाद मिळेल, बोटीत जागा मिळेलच असं नाही.

पक्षी बघणाऱ्यांसाठी आणखी एक तुकडा: लेस्ली स्ट्रीट स्पिट. शहरातल्या पाडकामाचा राडारोडा सरोवरात टाकून टाकून तयार झालेला सुमारे पाच किलोमीटरचा भूभाग. काठावर वाकून पाहिलंत तर लाटांनी घासून गोल गुळगुळीत केलेल्या विटा दिसतात, एखाद्या जुन्या घराची फरशी दिसते. यावर झाडी आपणहून उगवली आणि पाणकावळ्यांची प्रचंड वसाहत झाली. खासगी गाड्या नाहीत, कुत्र्यांनाही बंदी. मात्र ट्रामच्या थांब्यापासून फाटकापर्यंत बरंच चालावं लागतं, आत सावली कमी, आणि कामाच्या दिवशी संध्याकाळी चारनंतरच प्रवेश. वयस्करांनी नाद सोडावा.

काहीतरी नवंकोरं पाहायचं असेल तर डॉन नदीच्या मुखाशी बिडासिगे पार्क आहे. पूर रोखण्यासाठी नदीला नवं मुख खणून दिलं आणि त्याच्या काठी केलेल्या या उद्यानाचा पहिला टप्पा जुलै २०२५ मध्ये खुला झाला.

पिअर्सन विमानतळावरून यूपी एक्सप्रेस २५ मिनिटांत युनियनला आणते. शहरातल्या वाहनांत एकदा कार्ड टेकवलं की दोन तास ट्राम-बस-मेट्रो बदलत राहता येतं, उलट दिशेनेसुद्धा. म्हणजे हार्बरफ्रंटला उतरून तासभर फिरून परत येणं एका भाड्यात बसतं. फेरीचं तिकीट वेगळं.

झ्युरिक: छोटं तळं, बिनकटकटीचं

आकाराची कल्पना आधी करून घ्या. मिशिगन सरोवर सुमारे ५८ हजार चौरस किलोमीटरचं, ऑन्टारिओ १९ हजारांचं, आणि झ्युरिकचं सरोवर अवघं ८८. पलीकडचा काठ सतत दिसतो, आणि हवा स्वच्छ असेल तर दक्षिणेला आल्प्सची रांग. समुद्रासारखं पाणी बघायला जाणाऱ्याची इथे निराशा होईल.

उतरल्यापासून पाण्यापर्यंतच्या टप्प्याचा प्रश्न मात्र इथे उरतच नाही. बेलव्ह्यू किंवा बुर्कलीप्लाट्झला ट्राममधून उतरलात की पाणी समोर. मध्ये रस्ता आहे, रहदारीही आहे, पण सिग्नल आहे आणि तो चालणाऱ्याला ताटकळत ठेवत नाही. काठचे हे रुंद बांधीव रस्ते १८८७ मध्ये पूर्ण झाले. बुर्कलीप्लाट्झला नाव मिळालं ते याच कामाचे अभियंते आर्नोल्ड बुर्कली यांचं. पूर्व काठाने झ्युरिशहॉर्नपर्यंत दोनेक किलोमीटरची सपाट, सावलीची चाल. शेवटी हिरवळ, आणि तिथेच ल कॉर्ब्युझिएचा रंगीत पॅव्हिलियन. चंदीगडवाल्याचं हे शेवटचं बांधकाम, त्याच्या मृत्यूनंतर १९६७ मध्ये उघडलेलं. शहरात बाराशेच्या आसपास सार्वजनिक कारंजी आहेत आणि त्यांचं पाणी पिण्याजोगं असतं, तेव्हा बाटली रिकामी घेऊन निघालं तरी चालतं.

हे आपोआप झालेलं नाही. १९६२ आणि १९७३ मध्ये मतदारांनी भुयारी रेल्वेच्या योजना नाकारल्या, आणि मग शहराने आहेत त्या ट्रामनाच रस्त्यावर अग्रक्रम दिला. सिग्नल ट्राम येताना बघून हिरवे होतात. १९९६ मध्ये शहराच्या मध्यभागातल्या पार्किंगच्या जागा १९९० च्या संख्येवर गोठवल्या. एक जागा नवी केली तर एक जुनी काढायची. निम्म्याहून जास्त कुटुंबांकडे गाडी नाही. त्यामुळे बिनगाडीचा पाहुणा इथे अपवाद नसतो आणि सगळी व्यवस्था त्याला गृहीत धरून चालते.

तिकीट झोनवर. एकच तिकीट ट्राम, बस, लोकल आणि सरोवरातल्या बोटींनाही चालतं. शहरापुरतं चोवीस तासांचं तिकीट दोन एकेरी तिकिटांइतकंच पडतं, म्हणून सुटी तिकिटं काढू नका. फाटक कुठेच नाही, तपासनीस अचानक येतात, आणि तिकीट नसेल तर दंड चांगलाच झोंबतो. विमानतळ ते मुख्य स्टेशन रेल्वेने दहा-बारा मिनिटं. जुन्या 'ट्राम २०००' प्रकारच्या डब्यांना अजून पायऱ्या आहेत; खालच्या फरशीचा डबा कुठला ते थांब्यावरच्या पाटीवर दिसतं.

फळ्यांची वाट हवी असेल तर झ्युरिक शहरात न शोधता लोकलने रापर्सविलला जा, चाळीस मिनिटांच्या आत पोचता. तिथून हुर्डनपर्यंत सरोवर ओलांडणारा ८४१ मीटरचा लाकडी पूल आहे, ओकचा, फक्त पायी जाणाऱ्यांसाठी. तो २००१ मध्ये बांधला, पण जागा प्राचीन. चौदाव्या शतकात इथे हॅब्सबर्गांनी पूल बांधला होता, तो १८७८ मध्ये शेजारी रस्ता-रेल्वेचा बंधारा होईपर्यंत वापरात होता. आणि त्याच्याही आधीचे, इसवी सनपूर्व दुसऱ्या सहस्रकातले, लाकडी खांब तळाशी सापडलेत. इथल्या परिसरातल्या प्रागैतिहासिक वस्त्या २०११ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. आइन्सिडेल्नच्या मठाकडे जाणारे यात्रेकरू इथूनच सरोवर ओलांडत. त्यांच्यासाठी १५५१ मध्ये बांधलेलं छोटं देऊळवजा चॅपल रापर्सविलच्या बाजूला पुलावरच लागतं. चालताना एका बाजूला उंच पाणगवताची बेटं आणि पाणपक्षी, दुसऱ्या बाजूला बंधाऱ्यावरून धावणारी रेल्वे आणि मोटारी. गाडीचा आवाज इथेही येतोच. वाऱ्याच्या दिवशी जाकीट हवं. पलीकडे हुर्डनलाही स्टेशन आहे, तेव्हा परत चालण्याची सक्ती नाही. वेळ असेल तर येताना रापर्सविलहून बोटीने झ्युरिकला या. दोन तास लागतात, पण बसून राहायचं आणि बघायचं.

खर्चाच्या बाबतीत झ्युरिक निर्दय आहे. राहणं आणि बाहेर जेवणं, दोन्ही इतर दोन शहरांपेक्षा महाग. स्वयंपाकघर असलेली खोली घेतली तरच चार दिवसांचं गणित जमतं.

मग कुणी कुठे जायचं

आई-वडिलांना घेऊन जाणार असाल, त्यांना दिवसातून दोनदा थोडं थोडं चालायचं असेल आणि खिसा साथ देत असेल, तर झ्युरिक. मी यात फार विचार करणार नाही. दमलात की पुढचा थांबा दिसतोच आणि बोटीतही तेच तिकीट चालतं.

सायकल चालवणाऱ्याने शिकागो निवडावं. वेगळी वाट, सपाट काठ आणि 'डिव्ही' या भाडेसेवेच्या सायकली शहरभर. पाण्याला लागून मैलोन्मैल न थांबता जायची मजा इतर दोन ठिकाणी नाही. इमारती बघणाऱ्यालाही शिकागोच.

लहान मुलं किंवा नातवंडं असतील, किंवा मोटारीविना अख्खा दिवस कसा असतो हे अनुभवायचं असेल, तर टोरंटो. तीन दिवस पुरतात: एक बेटांना, एक द बीचेसला, एक हार्बरफ्रंट आणि उरलेल्याला.

मुलं अमेरिकेत आहेत म्हणून शिकागोला गेलोच आहोत तर टोरंटोही करू, असा विचार बरेच जण करतात. भारतीय पासपोर्टला कॅनडाचा व्हिसा स्वतंत्र लागतो आणि तो निघण्याआधी बराच काळ मागायला हवा. झ्युरिकला शेंगेन व्हिसा.

महिन्यांबद्दल: मे ते ऑक्टोबर तिन्हीकडे ठीक. डिसेंबर-फेब्रुवारीत शिकागोच्या काठावर लाटांचं पाणी उडून वाटेवर गोठतं, तिथे चालण्याचा हट्ट करू नये. झ्युरिकला नोव्हेंबरपासून धुक्याचं छप्पर दिवसचे दिवस बसतं आणि आल्प्स दिसत नाहीत. टोरंटोची फेरी हिवाळ्यात फक्त वॉर्ड्सला जाते, सेंटरच्या धक्क्यावर उभं राहून उपयोग नाही. उन्हाळ्यात गेलात तर कामाच्या दिवशी सकाळची बोट धरा आणि परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ उतरल्या उतरल्या पाटीवरून टिपून ठेवा. रात्री ती चुकली तर पाण्यावरची टॅक्सी शोधावी लागते आणि तिचं भाडं वेगळं.